पाठीखालची थंडी

पुष्कर वाळिंबे मला पहिल्यांदा भेटला तो २००४च्या सप्टेंबरात, एजवेअरमधल्या एका भाड्याच्या घरात. तीन बेडरूमचं घर, तीन भाडेकरू. मी डोंबिवलीचा, एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर आलेलो. पुष्कर पुण्याचा, एका बँकेच्या पेमेंट सिस्टिमवर काम करणारा. तिसरी खोली सहा महिने रिकामी होती. मग तिथे नागपूरचा वरद देशकर आला. तो पुष्करच्याच टीममध्ये होता.

पुष्कर तेव्हा एकोणतीस वर्षांचा. उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. शाळेत असल्यापासून त्याने सह्याद्री पालथा घातला होता. दीडशेवर किल्ले झाले होते. पुण्याच्या एका ट्रेकिंग ग्रुपचा तो लीडर होता आणि कुणी कड्यात अडकलं की पोलीस ज्यांना फोन करत त्या यादीत त्याचं नाव होतं. हे त्याने मला स्वतः कधी सांगितलं नाही, पुण्याहून आलेल्या एका मित्राकडून कळलं. फुशारकी मारणाऱ्यातला तो नव्हता. फक्त डोंगराच्या बाबतीत आपलं चुकू शकतं हे त्याच्या मनात येत नसे, कारण तोवर कधी चुकलंच नव्हतं.

वरद अगदी उलट. गोल चेहऱ्याचा, हळू बोलणारा, सगळ्यांना जेवायला वाढून मग स्वतः बसणारा. घरातसुद्धा दोन स्वेटर घालून रेडिएटरला पाठ लावून बसायचा. "नागपूरच्या माणसाचं हे काम नाही बे," म्हणायचा. पुष्कर दर शनिवारी ट्रेनने कुठल्यातरी डोंगरावर जायचा आणि रविवारी फोटो दाखवायचा. वरद ते फोटो फार मन लावून बघायचा. त्याने बर्फ हातात घेतला नव्हता. आदल्या हिवाळ्यात तो इथे नव्हता. त्याच्या आईला, वैजयंतीकाकूंना, मुलाचा बर्फातला एक फोटो हवा होता, शेजारणींना दाखवायला. दर रविवारी फोनवर त्या विचारायच्या, "पडला का रे बर्फ?"

२००५चा डिसेंबर संपत आला होता. ऑफिसं बंद, दुकानं अर्धी बंद, साडेतीनलाच अंधारून यायचं. अठ्ठावीस तारखेला पुष्कर पीक डिस्ट्रिक्टला निघणार होता. किंडरच्या पठारावर एक रात्र तंबूत. तिथे बर्फ पडल्याचं त्याने इंटरनेटवर बघितलं होतं. वरद म्हणाला, "मी येऊ का?"

मी मावसभावाकडे पिनरला जायच्या तयारीत होतो. आदल्या संध्याकाळी मी बॅग घेऊन खाली आलो तर हॉलच्या कार्पेटवर दोघांचं सामान पसरलेलं. पुष्करने ऑक्टोबरात स्वतःसाठी पिसांची जाड स्लीपिंग बॅग घेतली होती आणि हवा भरायची चटई. वरदसाठी त्याने आपली जुनी, पुण्याहून आणलेली बॅग काढली. ती बऱ्याचदा मशिनमध्ये धुतलेली होती. आतलं भरण जागोजागी गोळा झालं होतं आणि मधे नुसतंच कापड उरलं होतं.

"ही हिमालयात चौदा हजार फुटांवर वापरलीय," पुष्कर म्हणाला.

"डिसेंबरात?" वरदने विचारलं.

"मे महिन्यात. पण हाइट बघ ना."

चटई माझी होती. जिमच्या योगाच्या क्लाससाठी घेतलेली, निळी, पातळ. पुष्करने मागितली, मी दिली. वरदने जीन्स घालूनच यायचं ठरवलं, कारण दुसरी जाड पँट नव्हती. कोरड्या कपड्यांचा एक जोड त्याने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतला. पुष्करने गॅसची छोटी शेगडी घेतली, साधा निळा सिलिंडर, उन्हाळ्यात वापरायचो तोच. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. मी दोघांना हॅपी न्यू इयर म्हणालो आणि बस पकडली.

त्या रात्रीबद्दल पुष्कर माझ्याशी एकदाच सविस्तर बोलला. पुढचं सगळं त्यातून, आणि नंतर अचानक झालेल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरसमोर जे बोललं गेलं त्यातून.

सेंट पँक्रसहून शेफिल्ड, तिथून दोन डब्यांची छोटी गाडी. इडेल स्टेशनावर उतरले तेव्हा एक वाजून गेला होता. खालीच बर्फ होता. वरदने तो मुठीत घेतला, तोंडात घातला, पुष्करने फोटो काढले. पंचवीसेक फोटो. त्यात तासभर गेला. मग चढ. वरद तीन थर कपडे घालून चढत होता आणि घामाने निथळत होता. जॅकेट काढ, हळू चाल, हे पुष्करने सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण अंधार पडायच्या आत वर पोचायचं होतं.

पठारावर पोचले तेव्हा दिवस मावळला होता. ते पठार म्हणजे दलदल आहे. काळ्या मऊ मातीत खोल घळी, आणि त्या दिवशी सगळ्यांवर सारखा पांढरा थर. टॉर्चच्या उजेडात वरदचा पाय एका घळीत गेला, वरचा बर्फ मोडला आणि तो मांडीपर्यंत गार पाण्यात उतरला. पुष्करने ओढून काढला. दोघं हसले. तोवर ते हसण्यासारखंच होतं.

तंबू लावला. वारा सुटला होता. गॅस पेटला, निळी ज्योत जेमतेम बोटभर वर आली आणि दहा मिनिटांत पिवळी होऊन विझली. एवढ्या थंडीत तो साधा गॅस सिलिंडरातून बाहेरच येत नाही, हे पुष्करला माहीत नव्हतं. कारण सह्याद्रीत कधी तशी वेळ आली नव्हती आणि इथे हिवाळ्यात तो तंबूत राहिला नव्हता. सूप झालं नाही, चहा झाला नाही. ब्रेड आणि चिवडा खाल्ला. पाण्याच्या बाटलीत बर्फाच्या सुया धरायला लागल्या होत्या.

वरदने कोरड्या कपड्यांची पिशवी काढली. पुष्कर म्हणाला, "ते उद्याला ठेव. उतरताना लागतील. बॅगेत शिरलास की हे अंगावरच वाळतात."

हे त्याने शेकडो लोकांना सांगितलेलं वाक्य होतं. पावसाळी ट्रेकमध्ये भिजलेला माणूस गुहेत झोपतो आणि सकाळपर्यंत कपडे अंगावर वाळतात. तिथे ते खरंच असतं. वरदने पिशवी परत सॅकमध्ये ठेवली. ओल्या जीन्सनिशी तो बॅगेत शिरला.

संध्याकाळचे सहा वाजले होते. उजाडायला चौदा तास होते.

थोड्या वेळाने वरद म्हणाला, "पुष्कर, पाठीखालून थंडी येऊन राहिली बे."

"पहिला तास असंच वाटतं. यू विल वॉर्म अप. झोप."

तासाभराने पुन्हा, "पाठ नुसती गार पडली."

"कूस बदल," पुष्कर म्हणाला. त्याला स्वतःला उबदार वाटत होतं. त्याच्या खाली हवेची चटई होती, अंगावर पिसं होती. माणसाला दुसऱ्याची थंडी कळत नाही. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे बघत होता.

वरदचं कुडकुडणं त्याला ऐकू येत होतं. दातांचा आवाज येत होता, बॅगेचं कापड सळसळत होतं. मग कधीतरी, अकराच्या सुमाराला असेल, ते थांबलं. पुष्करला बरं वाटलं. चला, ऊब आली एकदाची. वरद काहीतरी पुटपुटला, शब्द जड, दारू प्यायल्यासारखे. पुष्करला वाटलं झोपेत बोलतोय. त्यालाही झोप लागली.

तीनला जाग आली ती वरद चेन उघडत होता म्हणून. तो बॅगेतून अर्धा बाहेर आला होता आणि जॅकेट काढायचा प्रयत्न करत होता. "गरम होते," म्हणाला. पुष्कर वैतागला. त्याने वरदला जॅकेट परत घातलं, चेन वर ओढली, "वरद, स्टॉप इट यार, झोपू दे," म्हणाला. माणूस गारठून शेवटच्या टप्प्याला गेला की त्याला असा उकाडा जाणवतो, हे त्याने पुढे पुस्तकात वाचलं. त्या वेळी त्याने टॉर्चसुद्धा लावला नाही.

पाचला त्याने हाक मारली. उत्तर आलं नाही. टॉर्च लावला. वरदचे ओठ राखेच्या रंगाचे होते. डोळे अर्धे उघडे. श्वास होता, फार वेळाने एक. मग पुष्करने सगळं केलं. ओले कपडे कापून काढले, कोरडे घातले, आपली बॅग त्याला दिली, आपली चटई खाली घातली, त्याला मिठीत घेऊन पडला, हाका मारल्या. मोबाइलला रेंज नव्हती. अर्ध्या तासाने त्याने वरदला तिथेच सोडलं आणि अंधारात खाली धावत सुटला. एका शेतघराचं दार वाजवलं तेव्हा साडेसात झाले होते.

माउंटन रेस्क्यूची माणसं स्वयंसेवक असतात. कुणी प्लंबर, कुणी शिक्षक. त्यांनी नऊ वाजता वरदला शोधलं आणि हेलिकॉप्टरने शेफिल्डच्या हॉस्पिटलला नेलं. उचलतानाच त्याचं हृदय थांबलं होतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तीन तास त्याचं रक्त हळूहळू गरम करत प्रयत्न केले. दुपारी दीड वाजता थांबवले.

पुष्करला ते सांगायला आलेल्या डॉक्टर नॉटिंगहॅमला राहणाऱ्या, मूळच्या सांगलीच्या सुप्रभा आपटे होत्या. फॉर्मवरचं आडनाव वाचून त्या मराठीत बोलल्या. "बसा. तुमचा मित्र गेला." मग त्याच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "बूट काढा तुमचे. ओले आहेत." पुष्कर म्हणे तिथे रडला नाही. बूट काढून हातात धरून तसाच बसून राहिला. नागपूरला फोन त्याने स्वतः केला, डॉक्टर शेजारी उभ्या होत्या. पलीकडे वरदच्या वडिलांनी, मुरलीधररावांनी उचलला. त्यांना वाटलं, फोटो पाठवल्याचं सांगायला फोन आहे.

मी त्या दिवशी पिनरहून शेफिल्डला गेलो. हॉस्पिटलच्या खुर्चीत पुष्कर बसला होता, पायात हॉस्पिटलने दिलेले कागदी स्लिपर. मला बघून म्हणाला, "तुझी मॅट वर राहिली." मी शेजारच्या खुर्चीत बसलो.

पोस्टमॉर्टेम, कागद, सगळ्याला अकरा दिवस लागले. शवपेटीबरोबर पुष्कर गेला. कंपनीने म्हटलं होतं, कुणी दुसरं जाईल, तो ऐकेना. नागपुरात प्रतापनगरला देशकरांचं छोटं घर. अंत्यसंस्कार झाले, माणसं पांगली. तेराव्याच्या आदल्या दिवशी वैजयंतीकाकूंनी त्याला आत बोलावलं. त्या पलंगावर बसल्या होत्या, मुरलीधरराव दारात उभे.

"मला एकच सांगा," काकू म्हणाल्या. पुष्कर त्यांच्या मुलाच्या वयाचा, पण त्या अहो म्हणाल्या. "त्याला फार थंडी लागून राहिली होती का?"

लंडनहून निघताना सगळ्यांनी पुष्करला बजावलं होतं, आईला सांगायचं की झोपेत गेला, काही कळलं नाही. मीही त्याला फोनवर तेच सांगितलं होतं. 

"हो," पुष्कर म्हणाला. "लागत होती. दोनदा म्हणाला मला. पाठीखालून येते म्हणाला. मी झोप म्हणालो."

"कोरडे कपडे नव्हते का?"

"होते. मी घालू दिले नाहीत. उद्याला ठेव म्हणालो."

 काकू पदर तोंडाला लावून बसल्या. मुरलीधरराव पुढे आले आणि आवाज न चढवता म्हणाले, "तुम्ही आता या." पुष्कर तेराव्याला थांबला नाही. खरं बोललो ते त्यांच्यासाठी बोललो की माझं ओझं उतरवायला, हे मला अजून ठरवता येत नाही, असं तो मला म्हणाला. मला विचारलं असतं तर मीही ठरवू शकलो नसतो.

जूनमध्ये कॉरोनरची ती चौकशी, इन्क्वेस्ट, झाली. कॉरोनर वयस्कर बाई होत्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी वस्तू एकेक करून वाचल्या. स्लीपिंग बॅग, उन्हाळ्यासाठीची, झिजलेली. चटई, योगासाठीची, सहा मिलिमीटर. कपडे, सुती, ओले. निष्कर्ष अपघाती मृत्यूचा. दोष कुणाचाच धरला नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की, हवामान त्या जागेला असाधारण नव्हतं. पुष्कर बाहेर आला आणि पायऱ्यांवर उभा राहिला. "शिक्षा दिली असती तर बरं झालं असतं," म्हणाला.

तिथेच त्याला ग्रॅहम भेटला. वरदला तंबूतून उचलणाऱ्यांतला एक, धंद्याने प्लंबर, साठीच्या आसपासचा. तो साक्ष द्यायला आला होता. पुष्करने त्याला विचारलं, मी काय करायला हवं होतं ते मला शिकवाल का? ग्रॅहम म्हणाला, तू लीडर होतास. लीडरने आधी दुसऱ्याची चटई बघायची, मग आपली. शिकायचं असेल तर नोव्हेंबरात ये.

पुष्कर गेला. दोन हिवाळे तो दर महिन्याला ग्रॅहमबरोबर बर्फात झोपला. त्याने सगळं नव्याने शिकून घेतलं. चढताना घाम येऊ द्यायचा नाही, थंडी वाजत असतानाच चालायला लागायचं. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, ते काही झालं तरी चालताना वापरायचे नाहीत आणि झोपताना न घालता राहायचं नाही. बर्फावर एक चटई पुरत नाही, दोन लागतात. अंगावरचं कितीही जाड असलं तरी पाठीखाली भरण दाबलं जातं आणि जमीन ऊब ओढून घेते. थंडीतला गॅस वेगळा मिळतो. झोपायच्या आधी गरम पाण्याची बाटली बॅगेत. पोटात काहीतरी तुपकट. आणि शेजारच्याशी बोलत राहायचं. त्याला त्याच्या गल्लीचं नाव विचारायचं, शंभरातून सात सात वजा करायला लावायचं. जीभ अडखळली, किंवा गरम न होताच कुडकुडणं थांबलं, की तंबू गुंडाळून खाली.

मधल्या काळात आमचं घर सुटलं. माझं लग्न झालं, मी पिनरला गेलो. पुष्करने नॉटिंगहॅमला नोकरी घेतली, डोंगर तिथून जवळ म्हणून. डॉ. सुप्रभांचं घर त्याच्यापासून दहा मिनिटांवर होतं. त्या त्याला गणपतीला, दिवाळीला बोलवायच्या. तो जायचा, जेवायचा, लवकर निघायचा. त्याने लग्न केलं नाही. पुण्याला घरी स्थळं येत होती. आईला सांगायचा, एवढ्यात नको.

त्याच्या मागच्या खोलीत सामान साठत गेलं. सहा हिवाळी स्लीपिंग बॅगा, बारा चटया, तंबू, शेगड्या. पुणे-मुंबई-नागपूरहून नवीन आलेली आयटीतली मंडळी दर हिवाळ्यात बर्फ बघायला निघायचीच. त्यांना तो हे सगळं फुकट वापरायला द्यायचा. अट एकच, आधी त्याच्याकडे येऊन दुपारभर बसायचं. तो त्यांना मागच्या लॉनवर न्यायचा, दहिवरात, आणि नुसत्या गवतावर वीस मिनिटं पडायला लावायचा. मग दोन चटया घालून वीस मिनिटं. लोक हसायचे, सेल्फ टायमर लावून फोटो काढायचे. मग तो प्रत्येकाची सॅक रिकामी करायला लावायचा. जीन्स निघाली की संपलं. त्या माणसाला तो सामान घेऊन जाऊ द्यायचा नाही. कितीही गयावया केली तरी नाही.

तिथल्या मराठी मंडळात त्याची टिंगल व्हायला लागली होती. "वाळिंबे सरांचा थंडीचा क्लास" म्हणायचे. नवीन लोकांना वरदबद्दल माहीत नव्हतं. पुष्कर सांगत नसे, आणि मी सांगितलेलं त्याला आवडत नसे. दरवर्षी क्लास लांबत गेला, प्रश्न वाढत गेले. शेवटी शेवटी तो निम्म्या लोकांना परत पाठवायला लागला.

२००९च्या डिसेंबरात थंडी लवकर आली. स्वराली गोखले नावाची मुलगी पाच जणांचा ग्रुप घेऊन वेल्समध्ये जाणार होती. तिने भारतात गिर्यारोहणाचा कोर्स केला होता. मी त्या शुक्रवारी पुष्करकडे राहायला गेलो होतो, म्हणून हे समोर बघितलं. त्याने दोन तास प्रश्न विचारले. तिने सगळ्यांची बरोबर उत्तरं दिली. काही ठिकाणी त्याच्यापेक्षा नीट. पाचही जणांच्या सॅका रिकाम्या केल्या. जीन्स नव्हती, सुती काही नव्हतं, झोपायचे कपडे वेगळ्या वॉटरप्रूफ पिशवीत, गॅस थंडीतला. त्याला चूक सापडेना. तरी तो बॅगा देईना.

"फोरकास्ट चांगला नाही," म्हणाला.

"वारा नाहीये. क्लिअर स्काय. मी बघितलंय," स्वराली म्हणाली.

"टेंपरेचर बघितलंस?"

"उणे नऊ धरलंय. तुमच्या बॅगा उणे पंधराच्या आहेत ना, सर?"

पुष्कर उठून खिडकीपाशी गेला. "नका जाऊ," म्हणाला.

स्वराली म्हणाली, "सर, मी काही चुकीचं करत असेन तर सांगा, मी खरंच जाणार नाही. पण तुम्हाला नुसती भीती वाटते म्हणून जायचं नाही, असं कसं?"

त्याने सगळं दिलं. गाडीत स्वतः भरून दिलं. शनिवारची रात्र तो फोन समोर ठेवून खुर्चीत बसला. मी झोप म्हणालो नाही. तो शब्द त्याच्यासमोर मी वापरत नाही. सकाळी आठला स्वरालीचा मेसेज आला, ऑल फाइन, छान झोप झाली.

संध्याकाळी ती मंडळी सामान परत करायला आली. गाल लाल झालेले, सगळे एकदम बोलत होते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर त्यांनी फोटो दाखवले. तंबूच्या दारात पाच जण स्लीपिंग बॅगांमध्ये, हातात वाफाळता चहा, मागे पांढरा डोंगर. एकाने थर्मामीटरचाच फोटो काढला होता. पुष्करने प्रत्येक फोटो नीट बघितला. छान, म्हणाला. सगळ्यांसाठी पोहे केले. ओल्या बॅगा कशा वाळवायच्या ते सांगितलं.

ते गेल्यावर तो किचनमध्ये भांडी घासत उभा होता. मी पुसत होतो.

"उणे साडेनऊ होतं तिथे," तो म्हणाला. "आमच्याकडे उणे सात होतं. मेट ऑफिसचा आकडा आहे, इन्क्वेस्टमध्ये वाचला होता."

मी हातातली बशी पुसून ठेवली.

"चार वर्षं मला वाटत होतं, कितीही तयारी केली तरी थोडं नशिबावर असतंच. म्हणजे असं वाटणं मला हवं होतं. आज ती सगळी नीट झोपली बघ. पोरांनी चहा प्यायला. त्यांना काही विशेष करावं लागलं नाही रे. दोन चटया आणि कोरडे कपडे."

त्याने नळ बंद केला. तो बोलत होता ते खरं होतं.

जानेवारीत त्याने सगळं सामान स्वरालीला देऊन टाकलं. तिला तेव्हा कुठे त्याने वरदबद्दल सांगितलं, सगळं, तिच्या घरी बसून, एका दुपारी. ती मला नंतर म्हणाली की तो कोर्टात जबाब द्यावा तसा बोलत होता आणि मधे एकदाही थांबला नाही. नवीन आलेल्यांचा क्लास आता ती घेते. लॉनवर पडायला लावते, सॅका रिकाम्या करते, पण हसत हसत. लोकांना आवडतं. तिने पुष्करला दोनदा बोलावलं, निदान पहिल्या दिवशी तरी या म्हणून. तो नॉटिंगहॅमलाच आहे, कामावर जातो, रविवारी ग्रॅहमला फोन करतो. क्लासला तो आला नाही.